एक खरेदीखत, दोन कर

नवरा म्युनिकला आणि बायको सिडकोत, नवरा जेद्दाला आणि बायको रोशन गेटला, नवरा डॅलसला आणि बायको उल्कानगरीत. असे संसार आमच्या शहरात आता कुणाला नवलाचे वाटत नाहीत. आखाताची वाट जुनीच. वाळूजला बजाज आली, तिच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले, पुढे शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि इथल्या शॉप फ्लोअरवर हात बसलेली पोरं युरोपात जाऊ लागली. जातो कुणीही, कुठेही; मागे राहिलेल्या घराचे कागद पिशवीत घालून माझ्याकडे येते ती बहुतेक वेळा बायको.

मी समर्थनगरात सीए म्हणून काम करते. व्यापाऱ्यांची खाती आणि ऑडिट हाच माझा मूळ धंदा; परदेशातल्या नवऱ्यांचं काम हळूहळू वाढत गेलं. डिसेंबर-जानेवारीत ही मंडळी लग्नकार्याला येतात, तेव्हा ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. अशा प्रत्येक जोडप्याला मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, की तुमचा संसार एक असला तरी करखात्याला तुम्ही दोन वेगळी माणसं आहात. आपल्याकडे नवरा-बायकोनं मिळून एक रिटर्न भरायची सोयच नाही. दोन पॅन, दोन रिटर्न, आणि एक सीमेपलीकडे असेल तर दोघांना लागू होणारे नियमही दोन.

यातला पहिला घोटाळा ‘एनआरआय’ या तीन अक्षरांपासूनच होतो. नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नजरेत माणूस अनिवासी होतो आणि त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं, करून घ्यावं लागतं. आयकराचा हिशेब मात्र दिवसांवर चालतो. पासपोर्ट भारतीय असला तरी त्याचा इथे फारसा उपयोग नाही. वर्षात इथे किती दिवस राहिलात, हे विचारलं जातं. सर्वसाधारण रेघ १८२ दिवसांची. पण २०२०च्या बदलानंतर, इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं तर भेटीला आलेल्या भारतीय नागरिकासाठी ती रेघ १२० दिवसांवर येते. दुबईसारख्या, पगारावर करच नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्याचं इथलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं, तर तो एक दिवसही इथे न येता कायद्याने इथला रहिवासी ठरू शकतो. म्हणून मी पासपोर्ट मागून घेते आणि शिक्के बघत बसते. पानं उलटीसुलटी वापरलेली, शिक्क्यावर शिक्का, मुंबईची शाई पुसट आणि तारखेतला ३ की ८ ते कळत नाही. मग बोर्डिंग पास आणि विमानाच्या तिकिटांचे ईमेल काढायला लावते. वडिलांच्या आजारपणात वाढवलेली रजा, आईच्या तेराव्यासाठी पुढे ढकललेलं तिकीट, सगळं त्या दिवसांच्या मोजणीत येतं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी २०२५चा नवा आयकर कायदा आला आहे. कलमांचे नंबर बदलले, शिक्के मोजणं काही सुटलं नाही.

एका जोडप्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते. दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. ती फुलंब्रीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तो वाळूजच्या एका कारखान्यात टूल डिझाइनला होता, २०१३ मध्ये जर्मनीत गेला. तिची कायम नोकरी, सासू-सासरे थकलेले, मुलगी लहान. तिनं इथेच राहायचं असं दोघांनी मिळून ठरवलं. २०१० मध्ये दोघांनी निम्म्या-निम्म्या हिश्श्यानं २४ लाखांचा फ्लॅट घेतला होता. मुलीच्या शिक्षणासाठी तो नोव्हेंबर २०२४ मध्ये विकायला काढला. ७० लाखांना सौदा ठरला, इसार झाला.

घेणारा गृहस्थ सज्जन, मोंढ्यात दुकान असलेला. एजंटानं त्याला सांगून ठेवलं होतं, पन्नास लाखांवरचा व्यवहार आहे, एक टक्का टीडीएस कापा आणि ताईंच्या नावे एकच चेक द्या, काम संपलं. शिक्षिकाबाई सहज म्हणून विचारायला आल्या आणि मी तो चेक थांबवला. विकणारा अनिवासी असेल तर एक टक्क्याचा नियम त्याच्या हिश्श्याला लागू होत नाही. तिथे तेव्हाच्या कायद्याचं १९५ कलम लागायचं आणि त्याला पन्नास लाखांची मर्यादाही नव्हती. घेणाऱ्यानं तेव्हा आधी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढायचा, साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे १३ टक्के कापायचे, तिमाहीचं विवरण भरायचं. ते कापले नाहीत तर खातं घेणाऱ्याला धरतं. विकणारा तोवर म्युनिकला पोचलेला असतो.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी तणतणतच ऑफिसात आले. “मॅडम, एकच फ्लॅट, एकच खरेदीखत, दोघं लग्नाचे नवरा-बायको, आणि कापायचं मात्र दोन तऱ्हेनं? मी काय गुन्हा केलाय?” त्यांचा राग मला पटत होता. मी कागद घेतला, मधोमध रेघ ओढली आणि दोन्हीकडे ३५ लाख लिहिले. बायकोच्या बाजूला एक टक्का, ३५ हजार. नवऱ्याच्या बाजूला १३ टक्के, चार लाख पंचावन्न हजार. नफा दोघांचा सारखाच, १२ लाखांत घेतलेलं ३५ लाखांना विकलं, २३ लाख. पण जुलै २०२४ मध्ये भांडवली नफ्याचे नियम बदलले तेव्हा जुन्या घरांसाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर भरायचा पर्याय राहिला तो फक्त रहिवाशांना. बायकोची १२ लाखांची किंमत निर्देशांकाने २६ लाखांच्या थोडी वर गेली, करपात्र नफा नऊ लाखांच्या आत आला, कर सेससकट एक लाख ८५ हजारांच्या घरात. नवऱ्याला तो पर्याय नाही. त्याच्या २३ लाखांवर साडेबारा टक्के, सेस धरून दोन लाख ९९ हजार. एकाच भिंतीच्या दोन अर्ध्या भागांवर एक लाख १४ हजारांच्या आसपास फरक. मला हा भेद आजही न्याय्य वाटत नाही. त्या माणसानं त्या घराचे हप्ते भरले ते त्याच महागाईत आणि त्याच रुपयांत.

चार लाख पंचावन्न हजार कापून घेऊन पुढच्या वर्षी परताव्याची वाट बघायची किंवा कमी कपातीचा दाखला आधीच काढायचा, असे दोन मार्ग होते. आम्ही दाखल्याचा धरला. त्याचा पॅन आंतरराष्ट्रीय कर विभागाकडे वर्ग करून घ्यावा लागला, आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवर अर्ज, जुनं खरेदीखत, कर्जाचे उतारे, मागच्या वर्षांची रिटर्न. तिकडे घेणाऱ्याचं बँकेचं कर्ज मंजूर होऊन पडलेलं आणि त्याचे फोनवर फोन. दाखला आला तेव्हा कपात साडेआठ टक्क्यांवर आली होती. दरम्यान नवऱ्यानं म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन बायकोच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. परदेशात केलेलं ते पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं, नाहीतर दुय्यम निबंधक ते हातात घेत नाही. रजिस्ट्रीच्या दिवशी तिनं दोन सह्या केल्या, एक स्वतःची आणि एक त्याच्यासाठी. चेकही दोन: तिचा तिच्या पगाराच्या खात्यात, त्याचा त्याच्या एनआरओ खात्यात.

या सगळ्यात तिचा निम्मा हिस्सा खरोखर तिचा ठरला, तो एका कारणानं. कर्जाचा निम्मा हप्ता दर महिन्याला तिच्या पगारातून गेला होता आणि पासबुकात तो दिसत होता. तिनं एक पैसाही घातला नसता आणि नाव नुसतं हौसेनं लावलेलं असतं, तर तिच्या हिश्श्याचा नफाही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला गेला असता. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, पण त्या भेटीतून उभं राहिलेलं उत्पन्न फिरून त्याच्याच माथी येतं. दोघांना सगळीकडे वेगळं मोजणारा कायदा या एका जागी दोघांना जोडतो. नवऱ्यानं पाठवलेल्या पैशांची बायकोच्या नावे एफडी करून ‘तिचं व्याज, तिचा कर’ असं समजणारी घरं मी पुष्कळ पाहते. मी त्यांना एफडीच्या पावतीवरचं नाव झाकायला सांगते आणि विचारते, पैसा कुणाच्या कमाईचा?

आणि तिकडचा कायदा? जर्मनीत नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर कमी होण्याची मोठी सवलत आहे. पण ती जोडीदार जर्मनीत किंवा युरोपीय संघाच्या परिसरात राहत असेल तर. फुलंब्रीच्या शाळेत शिकवणारी बायको त्यात बसत नाही. तो लग्नाचा माणूस तिथे अविवाहिताच्या करवर्गात, पहिल्या वर्गात, पगार घेत राहिला. त्याला हे कळलं तेव्हा पैशापेक्षा त्या वर्गाचंच वाईट वाटलं, असं तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला.

अमेरिकेचं उलट आहे. तिथे जोडप्यानं एकत्र रिटर्न भरता येतं आणि बायको परदेशात असली तरी तिला रहिवासी मानून घ्यायचा पर्याय देता येतो. त्याची किंमत म्हणजे तिचं जगभरातलं उत्पन्न त्या रिटर्नात येतं. ग्रीन कार्ड असेल तर पर्यायाचा प्रश्नच नाही. ती इथे राहिली तरी अमेरिकेच्या लेखी करदातीच, आणि वर्ष वर्ष इथेच राहिली तर कार्डही धोक्यात. माझ्याकडची उल्कानगरीतली सूनबाई सासऱ्यांच्या पक्षाघातानंतर मुलाला घेऊन परत आली. अमेरिकेचं रिटर्न तिकडचा सीपीए भरतो, मी इकडची माहिती जुळवून देते. त्या माहितीत एक फॉर्म असा आहे, की अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर प्रत्येक खातं कळवायचं. नुसता सहीचा अधिकार असलेलं खातंसुद्धा.

सासूबाईंच्या पेन्शनच्या खात्यात सूनबाईचं नाव होतं, बँकेत जायला सोयीचं म्हणून. मी ते पासबुक मागितलं तर सासूबाई स्वतःच रिक्षा करून आल्या. “माझ्या पेन्शनचा हिशेब अमेरिकेला कशापायी द्यायलेत? मी कुठं गेले तिकडं?” मी त्यांना बसवलं, चहा दिला. सांगितलं, काकू, यावर तुम्हाला कर नाही, तुमचा पैसा तुमचाच; सुनेचं नाव आहे म्हणून सुनेनं फक्त सांगायचं, न सांगितल्याचा दंड तिला बसेल. भारत आणि अमेरिकेत २०१५ मध्ये करार झाल्यापासून आपल्या बँकाही अशी माहिती सरकारमार्फत तिकडे देतात. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि नाव काढून टाकायला सांगितलं. मग नातवाकडे बघून म्हणाल्या, “राहू द्या. माझं काही झालं तर हिनंच काढायचंय ना.”

त्याच सूनबाईचं डॅलसच्या बँकेतही नवऱ्यासोबत नाव आहे. आता ती इथली पूर्ण रहिवासी, म्हणून इथल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं. “त्यात माझा एक डॉलर नाही, मॅडम,” हे तिचं म्हणणं खरं. तरी भरायचं. आपलं वर्ष मार्चला संपतं, पण हे परिशिष्ट जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाचं. २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्यात ते न भरल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्यानं अशा लोकांना मेसेज आणि ईमेल पाठवले तेव्हा कितीतरी बायका घाबरून फोन करत होत्या. त्यांच्यापैकी कुणीही काळा पैसा दडवणारी नव्हती. नवऱ्यानं प्रेमानं लावलेलं नाव, एवढाच त्यांचा संबंध.

जेद्दाच्या माणसाबद्दल थोडंच लिहिते. तो तिथेच गेला, हार्ट अटॅकनं. त्याची बायको भावाला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे नवऱ्याच्या इथल्या एनआरई (परदेशातली कमाई ठेवायच्या) खात्याचं एक जुनं स्टेटमेंट होतं, दुसरं काहीच नाही. तिकडची बँक कुठली, विमा आहे की नाही, कंपनीकडून काय येणं आहे, तिला कधी सांगितलंच गेलं नव्हतं. पैशाचं बायकांना काय सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं असंही नाही. तिला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. खात्यावर तिचं नामनिर्देशन होतं म्हणून इथली रक्कम मिळाली, पण ती रहिवासी, त्यामुळे एनआरईच्या व्याजाची करमाफी तिच्या हातात राहिली नाही. त्याचं शेवटचं रिटर्न वारस म्हणून तिनंच भरायचं होतं. सही कुठे करायची ते दाखवताना मला फार जड गेलं. तेव्हापासून परदेशी खात्यांची, विम्याची, पासवर्ड कुठे ठेवले त्याची यादी दोघांनी एकत्र बसून केल्याशिवाय मी काम हातात घेत नाही. नवरा फोनवर का होईना, हजर पाहिजे. आणि प्रश्न मी बायकोला विचारते. काही नवऱ्यांना हे खटकतं. खटकू दे.

नागरिकत्वाचा प्रश्न पैशापेक्षा उशिरा येतो, आणि आला की सगळं घर बोलतं. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून नागरिकत्व देताना जुनं सोडायची अट काढून टाकली. आमच्या टूल डिझायनरला तिथल्या मित्रांनी सांगितलं, आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. येत नाहीत. जर्मनीची हरकत गेली, भारताची आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारतीयानं स्वतः होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी इथलं संपतं. मग पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर आयुष्यभर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बायकोचं नागरिकत्व नवऱ्याच्या शपथेनं बदलत नाही, ती आहे तिथेच राहते. मतदानाचा हक्क परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१०च्या दुरुस्तीनं मिळाला आहे, पण मत द्यायला मतदारसंघात स्वतः यावं लागतं. १३ मे २०२४ ला इथे लोकसभेचं मतदान झालं तेव्हा ती एकटीच जाऊन आली.

खरा पेच शेताचा होता. त्याच्या आईच्या नावावर पैठण तालुक्यात जायकवाडीच्या पाण्यावर भिजणारी जमीन आहे. मराठवाड्यात आजही १९५०चा हैदराबादचा कुळवहिवाट कायदा चालतो, त्यामुळे जमीन घेणाऱ्याला आधी आपण शेतकरी असल्याचं दाखवावं लागतं. आईला जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करून द्यायची होती. सातबाऱ्याची घडी त्यांनी पदराखालून काढली. वाळूजमधून म्युनिकला गेलेला मुलगा शेती करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना फक्त त्याचं नाव तिथे हवं होतं. फेमाप्रमाणे परदेशी राहणाऱ्याला, मग तो भारतीय असो की ओसीआय, शेतजमीन भेट म्हणून घेता येत नाही. वारशानं मात्र येते. म्हणून बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र केलं. त्यात आईंनी आपण होऊन सुनेचंही नाव घातलं. “रानात पाणी द्यायला हीच जायलीय इतकी वर्षं,” म्हणाल्या. वकिलानं दोनदा विचारून खात्री केली. त्या ठाम होत्या.

त्यानं जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला नाही. आता तो परत येतो आहे.

परतीची तारीख हा माझ्या कामातला नाजूक भाग. आर्थिक वर्ष संपत आल्यावर माणूस आला तर त्या वर्षी तो अनिवासीच राहू शकतो, म्हणून मी दोघांना आधी तारखांचं कोष्टक करून दिलं होतं. तिनं ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये आहे, ते ऑगस्टमध्येच येतील, तुम्ही त्याप्रमाणे मांडा, एवढंच ती म्हणाली. मांडलं. मागच्या दहा वर्षांत तो सलग अनिवासी होता, त्यामुळे रहिवासी झाला तरी ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ या गटात येतो आणि एप्रिल ते जुलैच्या जर्मन पगारावर इथे कर लागत नाही. एनआरई खाती परतल्यावर रहिवासी करून घ्यायची आणि तेव्हापासूनचं व्याज करपात्र धरायचं. म्युनिकचं खातं बंद करायचं की ठेवायचं, यावर दोघांचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, ठेवायचं असेल तर त्याच्या परिशिष्टात काय भरायचं ते आत्ताच लिहून द्या. मी लिहून दिलं आहे.